तीन व्यवसाय बंद पडले, तर माणूस ‘अपयशी उद्योजक’ ठरतो का?

नऊ वर्षांत तुमचे तीन व्यवसाय बंद पडले, आता चौथ्याचा विषय काढला की नातेवाईक तुम्हाला ‘अपयशी उद्योजक’ म्हणतात, आणि ते खरे आहे का असे तुम्ही विचारले आहे. माझेही तीन बंद पडलेले आहेत, तेव्हा हे उत्तर तटस्थ माणसाचे नाही, हे आधीच सांगतो. माझ्या मते तीन या आकड्यावरून काहीच ठरत नाही. तिन्ही एकाच कारणाने बुडाले की वेगवेगळ्या, यावरून बरेच काही ठरते.

२०११ मध्ये मी पुण्याजवळच्या भोसरीत भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ टाकून जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांसाठी सुटे भाग बनवून देण्याचे काम, सुरू केले. काम भरपूर होते, मात्र जवळजवळ सगळे एकाच मोठ्या कारखान्याचे. महिन्याला सुमारे चार लाखांचे बिल होई आणि पगार, भाडे, वीज, टूल व यंत्रांचे हप्ते मिळून साडेतीन लाख खर्च होई, म्हणजे वहीत दरमहा पन्नास हजारांचा नफा दिसे. पण बिलाचे पैसे १२० दिवसांनी येत. पहिले पेमेंट हातात पडेपर्यंत चौदा लाख खर्च झालेले असत, आणि माझ्याजवळ बँकेची पाच लाखांची कॅश क्रेडिट (लागेल तेव्हा उचलायचे कर्ज) मर्यादा व घरचे चार लाख एवढेच होते. उरलेले पाच लाख मी महिना तीन टक्क्यांनी बाहेरून उचलले. काम वाढले की नफा वाढेल असे वाटून मी आणखी ऑर्डर घेतल्या. प्रत्यक्षात वाढली ती हातातल्या रोख पैशाची तूट, कारण खर्च आधी आणि पैसे १२० दिवसांनी. अडीच वर्षांनी ताळेबंदात नफा असताना मी गाळ्याला कुलूप लावले.

सूक्ष्म व लघु उद्योगांची बिले ४५ दिवसांच्या आत द्यावीत आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो, हे मला ठाऊक होते. पण ऐंशी टक्के काम देणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करण्याची हिंमत मला झाली नाही, आणि आजही माझ्यासारख्या बहुतेकांना होत नसावी.

दुसरा व्यवसाय पाकीटबंद मसाल्यांच्या वितरणाचा होता. धंदा बदलला म्हणून आपण बदललो, अशी माझी समजूत होती. दुकानदार ‘पुढच्या फेरीला देतो’ म्हणत, मी माल टाकत राहिलो आणि सोळा महिन्यांत पुन्हा तिथेच पोहोचलो. तिसरा, विद्यार्थ्यांसाठी चालवलेली खाणावळ, मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे बंद झाला. त्या व्यवसायात मी पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ घेत होतो आणि तो बरा चालला होता. त्यामुळे या तिन्हींपैकी ज्याला मी स्वतःचे अपयश म्हणतो तो दुसरा आहे, जरी रकमेने तो सर्वांत लहान होता. पहिल्या वेळी मला माहीत नव्हते. दुसऱ्या वेळी माहीत असायला हवे होते.

अपयश आपोआप शिकवते, हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही. व्हेंचर कॅपिटल (नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन गुंतवलेले जोखमीचे भांडवल) मिळालेल्या अमेरिकी कंपन्यांच्या संस्थापकांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनी शेअर बाजारापर्यंत नेणे हा त्यात यशाचा निकष होता. आधी यशस्वी झालेल्यांना पुन्हा यश मिळण्याची शक्यता त्यात सुमारे ३० टक्के, तर अगदी नवख्यांना आणि आधी अपयशी ठरलेल्यांना जवळपास सारखीच, सुमारे २० टक्के आढळली. भोसरीच्या गाळ्याला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण आपटी खाल्लेला माणूस नवख्याहून फारसा पुढे नसतो, हे माझ्या अनुभवाशी जुळते.

अशा वेळी लोक दादासाहेब फाळके यांचे उदाहरण देतात, तेही थोडे नीट पाहावे. गोध्र्यातला छायाचित्रणाचा व्यवसाय त्यांना सोडावा लागला, छापखान्यातून ते भागीदारांशी न पटल्याने बाहेर पडले, आणि पुढे विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये इंग्लंडला गेले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. गोष्ट बहुधा इथेच थांबवली जाते. पण नंतर नाशिकला भागीदारीत उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान या चित्रपट कंपनीतूनही ते मतभेदांमुळेच बाहेर पडून काशीला गेले. माझाच निकष लावला तर भागीदारीच्या बाबतीत फाळके पुन्हा पुन्हा चुकले, आणि उद्योजक म्हणून त्यांना कोणी अपयशी म्हटले तर मी वाद घालणार नाही. त्यांच्या चित्रपटांचे मोल त्याने उणे होत नाही, इतकेच.

तुमच्या प्रश्नात देण्यांचा उल्लेख नाही. माझ्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. पैसे नसल्याने कर्ज थकवणारा आणि असूनही न फेडणारा यांत रिझर्व्ह बँकसुद्धा फरक करते व दुसऱ्याला हेतुपुरस्सर थकबाकीदार म्हणते. नातेवाइकांच्या शब्दात हा फरक नसतो. मी कामगारांचा शेवटचा पगार आधी दिला, बाहेरचे पाच लाख फेडायला मला चार वर्षे लागली, आणि ते फिटेपर्यंत कोणाच्या लग्नाला जाणेही नकोसे वाटे. प्राप्तिकराचा कायदा मात्र नातेवाइकांपेक्षा उदार आहे: विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर बंद झालेल्या व्यवसायाचा तोटा पुढील आठ वर्षांपर्यंत नव्या व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता येतो. तुम्ही ते भरले होते का, हे सीएला विचारून घ्या.

सध्या मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात नोकरी करतो आणि लहान पुरवठादारांची बिले माझ्याच टेबलावरून पुढे जातात. चौथा व्यवसाय करायचा की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही. तुम्ही ठरवण्यापूर्वी तिन्ही व्यवसायांची शेवटच्या सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवा आणि पैसा नेमका कुठे अडकला होता त्यावर पेन्सिलीने खूण करा. तिन्ही खुणा एकाच जागी आल्या, तर चौथ्याचे नाव, जागा आणि माल ठरवण्याआधी त्या जागेचे काय करणार ते मला लिहा. मी पुढचे उत्तर त्यावरच देऊ शकेन.