‘कंटिन्युअस’ म्हणजे सलग, ‘कंटिन्युअल’ म्हणजे सारखं

विचारणा अशी : इंग्रजी ‘कंटिन्युअस’ आणि ‘कंटिन्युअल’ यांत फरक काय? भाषांतरात दोन्हींना ‘सतत’ लिहिलं तर काय बिघडतं?

‘कंटिन्युअस’मध्ये खंडच नसतो. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. माणूस बदलतो, वीणा चालूच राहते. ‘कंटिन्युअल’ म्हणजे श्रावणातली झड : घटकाभर उघडते, पुन्हा भुरभुर सुरू, आणि चार दिवस पिच्छा सोडत नाही.

आपलं ‘सतत’ या दोन्हींना चालतं, घोळ तिथेच होतो. ‘लेकरू सतत खोकतंय’ म्हणतो तेव्हा दोन उबळींच्या मधे ते खेळतही असतं. म्हणून कंटिन्युअलला ‘सारखं’ किंवा ‘वारंवार’ लिहावं, कंटिन्युअसला ‘सलग’, ‘अखंड’ किंवा ‘अव्याहत’.

हा शब्दाचा कीस नव्हे. ‘8 तास वीज’ आणि ‘सलग 8 तास वीज’ यांत पिकाच्या जिवाचा फरक आहे. पाणी सरीच्या निम्म्यात पोचलं आणि वीज गेली, तर सरीतलं पाणी तिथेच मुरतं. मोटर पुन्हा चालू झाली की आधी भिजलेला भाग पुन्हा पाणी पितो आणि शेवटाकडचा ऊस कोरडा राहू शकतो. तास मोजले तर आठच भरतात! करारात किंवा सूचनेत म्हणूनच ‘सलग’ हा शब्द गाळू नये.

जागेच्या बाबतीत इंग्रजीत कंटिन्युअसच येतो : तुटक नसलेली रेघ ‘कंटिन्युअस लाइन’, तिथे कंटिन्युअल चुकीचा. आपलं ‘सलग’ही असंच वेळेला नि जागेला दोन्हींकडे चालतं. शेतात नुसतं सोयाबीन असेल तर ते सलग. मधे तुरीच्या ओळी आल्या की आंतरपीक.

व्युत्पत्ती तर फारच सुंदर आहे. कंटिन्युअसच्या मुळाशी लॅटिन ‘तेनेरे’, म्हणजे धरणे. त्याचा मूळ धातू आणि संस्कृत ‘तन्’, म्हणजे ताणणे, हे एकाच घरचे. ‘तन्’पासूनच सतत, संतत आणि तंतू हे शब्द आले. पैठणच्या मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, हा शब्दही त्याच कुळातला. पैठणीच्या पदरावर नक्षीचा रंगीत बाणा, म्हणजे आडवा धागा, आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जाऊन शेजारच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. ताणा मात्र सलग पुढे जातो.

‘कन्सेक्युटिव्ह’ आणखी वेगळा : एकामागून एक, मधला न गाळता. लागोपाठ तीन दिवस पाऊस झाला म्हणजे तिन्ही दिवशी झाला. दिवसभर झाला असं नव्हे.