समुद्राकाठचं बंद घर

प्रश्न : मेक्सिकोतल्या झिहुआतानेहो गावात ग्रीक मंदिरासारखी, खांबाखांबांची एक इमारत समुद्राकडे तोंड करून ओस पडल्याचे फोटो पाहिले. ती कुणाची, आणि का सोडली? आम्ही मालवणला पाच वर्षं बंद असलेलं स्लॅबचं घर घेतोय, म्हणून मुद्दाम विचारते.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तो ‘एल पार्तेनोन’. ला रोपा किनाऱ्यावरच्या टेकडीवर आर्तुरो दुरासोने बांधलेला बंगला. १९७६ ते १९८२ हा माणूस मेक्सिको सिटीचा पोलीसप्रमुख होता. राष्ट्राध्यक्ष लोपेस पोर्तियो त्याचे बालमित्र. पोलिसाच्या पगारात असा महाल उभा राहत नाही. मित्राची मुदत संपली तसं डोक्यावरचं छत्रही गेलं. १९८४ साली पोर्तो रिकोत त्याला अटक झाली. बंगला सरकारजमा झाला, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याला वाली उरला नाही.

आता तुमचं मालवण. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ काँक्रीटमध्ये मुरत मुरत सळईपर्यंत पोचतं. गंजाला लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. नागपूरचं ऊन कितीही भाजो, हवेत मीठ नाही. इथे घरातल्या स्लॅबला २० मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, चालून जातं. किनाऱ्यावर उघड्या काँक्रीटला आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे ४५ मिमी कव्हर आणि किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट लागतं. जुन्या घरांत हे क्वचितच सापडतं.

हातोडीने स्लॅबचा तळ आणि बीम ठोकत जा. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर पापुद्रा सुटलाय. सळईच्या रेषेत सरळ गेलेली भेग आणि तिच्याकडेचा तांबूस डाग सगळ्यात वाईट. ताज्या रंगाला भुलू नका. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन (काँक्रीटचा अल्कधर्मीपणा दाखवणारं रसायन) मारून ते गुलाबी झालं, तरी मीठ नाही असं ठरत नाही. त्यासाठी काँक्रीटच्या आत वेगवेगळ्या अंतरांवरची भुकटी ड्रिलने काढून क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, तपासून घ्या.

दुरुस्तीत सळईच्या मागे २०-२५ मिमीपर्यंत फोडून, गंज चकचकीत साफ करून, प्रायमर मारून पॉलिमर मॉर्टर भरतात. पण फुटलं तेवढंच भरलं, तर शेजारच्या खारट काँक्रीटमधली सळई आणखी वेगाने गंजते. ठिगळाच्या कडेला नवी भेग दिसते ती म्हणूनच. मीठ मुरलेलं सगळं काढण्याचा खर्च धरूनच भाव करा. आणि एक जरूर विचारा : बांधताना वाळू खाडीची की पुळणीची? न धुतलेली वाळू असेल, तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच आहे.