वडिलांना नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये जाऊ द्यावं का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांना ब्लड कॅन्सर आहे, मुंबईचे डॉक्टर नव्या टार्गेटेड औषधाच्या ट्रायलमध्ये घेतो म्हणतात, तुम्ही सांगलीचे, आणि माणसावर प्रयोग करू द्यायचा का, हे कळत नाहीये.

मी वाळवा तालुक्यातला ऊसवाला. २०१४ पासून सीएमएल, म्हणजे ब्लड कॅन्सरचाच एक प्रकार, आहे. रोज जेवणावर त्यावरच्या इमॅटिनिब या टार्गेटेड औषधाची ४०० मिलिग्रॅमची गोळी, वर तांब्याभर पाणी. ही गोळी १९९८ साली अमेरिकेत माणसांना पहिल्यांदा दिली तेव्हा तोही प्रयोगच होता. नाव नव्हतं, एसटीआय ५७१ असा नुसता नंबर. इंटरफेरॉन या जुन्या औषधाने गुण न आलेले पेशंट होते. ३०० मिलिग्रॅम आणि त्यावरचा डोस मिळालेल्या ५४ पैकी ५३ जणांचे रक्तपेशींचे काउंट जाग्यावर आले. २००१ च्या मे महिन्यात तिथं मंजुरी मिळाली.

टार्गेटेड म्हणजे काय ते मला उसातच कळलं. टू-फोर-डी हे तणनाशक मारलं की रुंद पानाचं तण जळतं, ऊस उभा राहतो. सीएमएलमध्ये ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं बिघडलेलं प्रथिन तयार होतं आणि ते पेशींना थांबूच देत नाही. गोळी नेमकी त्यालाच जाऊन अडकते. ऊसही थोडा पिवळा पडतोच म्हणा. सकाळी माझे डोळे सुजतात, पोटऱ्यांत गोळे येतात.

पण हरळीसारख्या अरुंद पानाच्या तणावर टू-फोर-डी मारून काय होणार? म्हणून पहिलं हे विचारा: या औषधाचं टार्गेट वडिलांच्या रिपोर्टमध्ये सापडलंय का? कॅन्सर कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्यावरून अंदाज बांधू नका. सीएमएलचं मूळ मुख्यतः एकाच बिघाडात असतं. एएमएल या दुसऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये बहुधा बिघाड अनेक, एक वाट अडवली की रोग दुसरी काढतो.

मग फेज, म्हणजे ट्रायलचा टप्पा, विचारा. पहिल्या फेजमध्ये मुख्यतः डोस किती सोसतो तेच बघतात. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी नंबर मागा, तो ऑनलाइन तपासता येतो. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात, तसा २०१९ चा नियम आहे. मधेच बाहेर पडायची मुभाही असते. जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार ते आधीच बोलून घ्या. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरायचं, हे दर पंधरवड्याला सोपं नाही.

आणि सही वडिलांची लागते. त्यांना विचारलंत का? प्रश्नात ते कुठंच दिसले नाहीत.

एक राहिलंच. घरात कुणी काढा, भस्म देत असेल तर ट्रायलच्या डॉक्टरांपासून लपवू नका. चुलत्यांनी दिलेला काढा मी दोन महिने गुपचूप घेतला. लिव्हरचा रिपोर्ट बिघडला, गोळी तीन आठवडे बंद ठेवावी लागली आणि बायको अजून चुलत्यांशी धड बोलत नाही.