वाचकांचे प्रश्न : काटा 60 वर आणि रात्र अजून बाकी

प्रश्न : सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात ग्रामीण रुग्णालयात नोकरीला आहे. 2021च्या कोरोना लाटेत रात्री कॅज्युअल्टीला (तातडीच्या विभागात) सिस्टर एक, मामा (वॉर्डबॉय) एक. ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर किती पुरेल ते अंदाजानेच ठरवायचो, आणि अंदाज चुकायचा. पुन्हा तशी वेळ आली तर हिशेब कसा मांडावा?

उत्तर : ताई, अंदाज चुकणं हा तुमचा दोष नाही. हा हिशेब प्रत्येक सिस्टरकडून पाठ करून घ्यायला हवा, तो घेतला जात नाही. मोठ्या म्हणजे डी टाइप सिलिंडरची आतली जागा सुमारे 47 लिटर, छोट्या बी टाइपची 10. काट्यावरचा किलोचा आकडा (दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब) या लिटरने गुणला की उरलेला ऑक्सिजन कळतो. भरलेल्या सिलिंडरचा काटा 150 दाखवतो, म्हणजे मोठ्यात 7000 लिटर, छोट्यात 1500. काटा पीएसआयचा (दर चौरस इंचावर पौंडांत दाब) असेल तर आकड्याला आधी 14 ने भागा.

समजा काटा 60 वर आहे. त्यातले 20 राखीव ठेवा. उरलेल्या 40 ला 47 ने गुणलं की 1880 लिटर. पेशंट मिनिटाला 10 लिटरवर असेल तर 188 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या जरा वर. 11 वाजता काटा पाहिलात तर 2 वाजता सिलिंडर बदलायचा. ही वेळ चिकटपट्टीवर लिहून सिलिंडरवरच लावा. फ्लो, म्हणजे मिनिटाचे लिटर, वाढवला की नवी पट्टी. जुनी पट्टी तशीच राहिली की पाळी बदलल्यावर पुढची सिस्टर हमखास फसते.

तोच पेशंट नाकातल्या नळीवर 4 लिटरवर रक्तातला ऑक्सिजन 92 ते 96 टक्के राखत असेल, तर तोच साठा पावणेआठ तास जातो. म्हणून 98 दिसलं की खूश होऊ नका, फ्लो कमी करून पाहा. जुना दम्याचा, बिडी ओढून फुप्फुसं खराब झालेला पेशंट असेल तर 88 ते 92 पुरे. पिशवीच्या मास्कला मात्र काटकसर चालत नाही. श्वास घेताना पिशवी चपटी होत असेल तर फ्लो कमी पडतोय. तिथे 10 ते 15 लिटर लागतातच. फ्लो दाखवणाऱ्या फ्लोमीटरचा आकडा नळीत तरंगणाऱ्या गोळीच्या मध्यावर वाचायचा, वरच्या कडेवर नाही.

बदलताना पेशंट आधी छोट्या सिलिंडरवर घ्या, मगच मोठ्याला हात लावा. नव्याचा व्हॉल्व्ह तोंड दुसरीकडे करून क्षणभर उघडा, तोंडातली धूळ उडून जाते. मग रेग्युलेटर (दाब कमी करणारा भाग) बसवा, फ्लोमीटर बंद असल्याची खात्री करा आणि व्हॉल्व्ह हळू उघडा. फुस्स आवाज आला तर बहुधा वॉशर झिजलेला किंवा गायब असतो. तेल, ग्रीस, व्हॅसलीन तिथे अजिबात नको, पेट घेतं. सॅनिटायझर लावला असेल तर हात पूर्ण वाळू द्या. आणि व्हॉल्व्हची चावी सिलिंडरला साखळीने बांधा. रात्री 2 वाजता चावी शोधत फिरणं, यापेक्षा वाईट काही नाही.

लाईट गेली की कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं यंत्र) बंद पडतो. त्यामुळे त्यावरच्या पेशंटशेजारी भरलेला छोटा सिलिंडर जोडूनच ठेवा.

प्रश्न : सांगलीच्या एप्रिलच्या उन्हाळ्यात पीपीई किटमध्ये गॉगलवर वाफ धरते, सुई लावताना शीर दिसत नाही. काय करावं?

उत्तर : वाफ बहुतेकदा मास्कच्या वरच्या कडेतून येते. म्हणजे मास्क नाकावर नीट बसलेला नाही, आणि खरा धोका तोच आहे. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, जोरात श्वास सोडून कडेने हवा येते का पाहा, मगच गॉगल घाला. काचेला आतून साबणपाण्याचा पातळ हात देऊन वाळवलं तर बरंच चालतं. गॉगल उचलून पुसायचा मोह मात्र आवरा, ताई.

काढताना आधी ग्लोव्ह्ज, मग गाऊन आतून बाहेर गुंडाळत, मग मागच्या पट्ट्याने गॉगल. प्रत्येक टप्प्यानंतर हातांना सॅनिटायझर. मास्क सगळ्यात शेवटी, वॉर्डाबाहेर आल्यावर : आधी खालचा पट्टा, मग वरचा, पुढच्या भागाला हात न लावता.