मंदीत आयटी प्रमुखाचं काम फक्त खर्च कापणं एवढंच असतं का?

नाही. पण सुरुवात तिथूनच होते. कोणी वापरत नसलेली सॉफ्टवेअरची लायसन्सं, क्लाउडवर रात्रभर उगाच चालू असलेले टेस्ट सर्व्हर, हे आधी बंद करावं. त्याला फार अक्कल लागत नाही.

खरा कस लागतो तो काय कापायचं नाही हे मालकांना पटवताना. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सचं बघा. डिसेंबर २०२२ मध्ये हिमवादळ आलं. बाकीच्या विमान कंपन्या लवकर सावरल्या. साउथवेस्टची मात्र १६ हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली. वैमानिक आणि केबिन क्रूच्या ड्यूट्या लावणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला एवढे बदल झेपलेच नाहीत. कोण कुठे अडकलंय, हे फोन करकरून शोधावं लागलं. आणि कर्मचारी संघटना हेच आधीपासून ओरडून सांगत होत्या! वर्षभराने सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड ठोकला, तो वेगळाच.

त्यामुळे बजेट मागताना "सर्व्हर जुना झालाय" म्हणू नका, कोणी ऐकत नाही. "हा एक दिवस बंद पडला तर एवढ्या ऑर्डरी बुडतील" असा रुपयांतला हिशेब समोर ठेवा. सीएफओला, म्हणजे कंपनीच्या वित्तप्रमुखाला, तीच भाषा कळते.