युनो वगैरे संस्था देशांचं पर्यावरण धोरण खरंच बदलतात, की नुसत्या परिषदा भरवतात?

"नुसत्या परिषदा भरवतात" हे माझा मेहुणा दर गणपतीत ऐकवतो, म्हणून लिहायला बसलो. माझं नाना पेठेत फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. धोरण बदललं की मला ते गॅसच्या बाटलीवरून कळतं.

उस्तादांच्या हाताखाली शिकलो तेव्हा फ्रीजमध्ये आर-12 असायचा. कॉम्प्रेसर बदलायचा झाला की चार्जिंग लाइन कापायची, फुस्स, सगळा गॅस हवेत. नवीन भरताना व्हॅक्यूम पंप कोण लावणार? थोडा गॅस आत सोडायचा, त्याच्या जोरावर पाइपातली हवा बाहेर ढकलायची. "वर कुठे भोक पडलंय म्हणे, आपल्या नळीनं काय होतंय!" इति उस्ताद.

आर-12 म्हणजे सीएफसी, आकाशातला ओझोनचा थर खाणारा गॅस. असे गॅस बंद करायला युनोच्या पुढाकाराने 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, त्यातला हा आरोपी. भारताने तेव्हा सही केली नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं. घाण श्रीमंतांनी केली, कारखाने बदलायचा खर्च आपण का सोसायचा? 1990 मध्ये लंडनला, कराराच्या बैठकीत, तेव्हाच्या पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी याच मुद्द्यावर भांडल्या, श्रीमंत देशांच्या पैशातून निधी ठरला आणि 1992 मध्ये आपण करारात आलो. बाहेर राहणंही परवडणारं नव्हतं, कारण करारात नसलेल्या देशांशी या मालाचा व्यापार करायचा नाही असं कलमच होतं. 2000 मध्ये दिल्लीने नियम काढले आणि 1 जानेवारी 2010 पासून, दम्याच्या पंपासारखे अपवाद सोडून, सीएफसी बंद.

त्याच निधीतून मेकॅनिक लोकांना प्रशिक्षणही दिलं. मी गेलो, उस्ताद आले नाहीत. तिथे प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण भरायला शिकवलं. ते आर-12 च्या निम्म्याहून कमी लागतं, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही, बाटली काट्यावर ठेवून ग्रॅमवर भरायचं. शिवाय पेटणारा गॅस, म्हणून शेवटचा जोड टॉर्चने नाही, लॉकरिंग (पाइपावर घट्ट बसणारी धातूची कडी) दाबून करायचा. उस्ताद हसले. पण पुढे आर-12 मिळेनासा झाला, मिळालाच तर भाव ऐकून हात मागे यायचा. मग एक दिवस तेच बोहरी आळीतून डिजिटल काटा घेऊन आले आणि मला म्हणाले, "दाखव रे, किती भरायचा." ओझोनचं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. ज्यांना वाटतं जनजागृतीने धोरण चालतं, त्यांनी आमच्या पेठेत येऊन बघावं.

आता पुढचा अंक चालू आहे. आर-12 च्या जागी आलेला आर-134ए आणि एसीतल्या आर-22 च्या जागी आलेला आर-410ए ओझोनला खात नाहीत, पण हवा तापवतात. आर-410ए तर कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 2000 पट. म्हणून 2016 मध्ये माँट्रियल करारातच केलेली किगाली दुरुस्ती. भारताने ती 2021 मध्ये मान्य केली, 2028 मध्ये या गॅसचा वापर गोठवायचा आणि 2032 पासून कापायचा.

हां, सगळेच करार असे चालत नाहीत. सीएफसी बनवणारे कारखाने मोजके होते, पर्यायही तयार होते. हवामान बदलावरच्या पॅरिस करारात ज्याने त्याने आपापलं उद्दिष्ट लिहायचं, चुकलं तर दंड नाही. तिथे मेहुण्याचं थोडंफार पटतं. आणि आमच्या धंद्यात आजही रिकव्हरी मशीन, म्हणजे जुना गॅस हवेत न सोडता बाटलीत ओढून घेणारं यंत्र, किती जणांकडे आहे ते विचारू नका.

पण मेहुणा तिथे थांबत नाही. म्हणे हे सगळं नवीन गॅस खपवायचं परदेशी कंपन्यांचं कारस्थान. अरे, आयसोब्युटेन काय कुणाच्या मालकीचा आहे? तुमच्या घरीही असा कुणी असेल तर वाद घालू नका, त्याला फ्रीजच्या मागची पट्टी वाचायला लावा. आर-600ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे परिषदेतला ठराव स्वयंपाकघरात येऊन गुरगुरतोय. आमच्या साहेबांनी अजून वाचलेली नाही. फ्रीज बिघडला की फोन मात्र मलाच येतो, आणि मेहुणा म्हणून पैसेही देत नाहीत.