एफडी मोडा, पण सगळ्यात छोटी

प्रश्न: वय ४१. भोसरीत सीएनसी मशीनवर काम करतो, हातात ६२ हजार येतात. घराचा आणि गाडीचा हप्ता, घरखर्च, मुलीचा दहावीचा क्लास जाऊन ११ हजार उरतात. चौदा वर्षांपासून सोरायसिस आहे. मेथोट्रेक्सेट वर्षभर घेतलं, लिव्हरचे रिपोर्ट बिघडले म्हणून बंद केलं. लाइट थेरपीही झाली. आता सकाळी बोटं सुजतात, आखडतात. डॉक्टरांनी सेक्युकिन्युमॅब सुचवलंय; दोन इंजेक्शनांचा एक डोस २० हजारांना पडेल. एफडी तीन आहेत, ३ लाख, २ लाख आणि दीड लाख. पीपीएफ नऊ वर्षं जुना. मेव्हणे म्हणतात चार इंजेक्शनांत साफ होतं. सगळ्या एफडी मोडून एकदाचं संपवून टाकू का? जाता जाता, आईला दोन वर्षांपूर्वी टीबी झाला होता.

उत्तर: मेव्हण्यांचं निम्मं खरं आहे. त्वचा साफ होऊ शकते, आजार संपत नाही. औषध थांबवलं की बहुतेकांचे चट्टे काही महिन्यांत परत येतात. म्हणजे तुम्ही समजताय तसा हा ऑपरेशनसारखा एकदाचा खर्च नाही. हा हप्ता आहे, आणि शेवटची तारीख नसलेला.

आता कागद घ्या. पहिले पाच डोस दर आठवड्याला, नंतर दर चार आठवड्यांनी एक. पहिल्या वर्षी १६ डोस, म्हणजे ३ लाख २० हजार. पुढे दर वर्षी १३, म्हणजे २ लाख ६० हजार. तुमचे साडेसहा लाख दोन वर्षं आणि वर जेमतेम तीन महिने पुरतात. मुलगी आज दहावीत आहे. तिची बारावी होऊन कॉलेजच्या फीची पावती हातात येईल, तेव्हा एफडीचा डबा रिकामा झालेला असेल.

तरीही मी ‘नको’ म्हणत नाही, आणि त्याचं कारण तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलेली बोटं. फक्त चट्टे असते तर मी थांबा म्हटलं असतं. सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांना पुढे सांध्यांचा त्रास होतो आणि एकदा झिजलेला सांधा परत भरत नाही. जॉब लावणं, टूल बदलणं, मायक्रोमीटरवर माप घेणं, सगळं याच बोटांनी. तुमची सगळ्यात मोठी ठेव बँकेत नाही, मनगटापुढे आहे. बोटांचं डॉक्टरांना सांगितलंय ना? नसेल तर आधी ते सांगा आणि संधिवाततज्ज्ञांना दाखवा. हेच औषध सोरायसिसच्या संधिवातावरही चालतं.

गुण किती येतो? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत या औषधाचा हाच डोस घेणाऱ्या शंभरातल्या ७७ ते ८२ जणांचा त्वचेचा आजार बारा आठवड्यांत किमान पाऊण हिश्शाने उतरला. बिनऔषधाचं इंजेक्शन घेणाऱ्यांत असे जेमतेम ५. गुण चांगलाच आहे. पण शंभरातले अठरा ते तेवीस जण तिथवर पोचले नाहीत, आणि तुम्ही कुठल्या गटात बसाल हे आज कोणी सांगू शकत नाही.

म्हणून आधी ते कळण्यापुरतेच पैसे काढा. बाराव्या आठवड्यापर्यंत ७ डोस, १ लाख ४० हजार. दीड लाखाची पावती मोडा. व्याजात थोडी कपात होईल, होऊ द्या. उरलेल्यात तपासण्यांचा बराचसा खर्च निघेल. साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत फरक दिसला नाही तर डॉक्टर औषध बदलायचा विचार करतील, आणि तुमचे पाच लाख जागेवर असतील.

गुण आला, तर पहिल्या वर्षाचे उरलेले ९ डोस, १ लाख ८० हजार, पीपीएफमधून. खातं बंद करू नका. सातव्या वर्षापासून थोडी रक्कम काढता येते: चार वर्षांपूर्वीच्या आणि गेल्या वर्षअखेरच्या शिल्लकीपैकी जी कमी, तिच्या निम्मी. त्यावर करही नाही. तुमच्या पासबुकात चार वर्षांपूर्वी ३ लाख ६० हजार दिसतात, म्हणजे बरोबर तेवढे. पाच लाख मुलीचे.

पण एकही पावती मोडण्याआधी कंपनीच्या आरोग्य विम्याचं विचारायला एचआरकडे जा. विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी दिली, तीत मोनोक्लोनल अँटिबॉडीची (प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांची) इंजेक्शनं आहेत आणि सेक्युकिन्युमॅब त्याच जातीचं. घरी टोचून घेतलंत तर ते ओपीडीत मोडेल आणि क्लेम बहुधा परत येईल. हॉस्पिटलात डे-केअरमध्ये देता येईल का, त्याला पॉलिसीत मर्यादा किती, हे लेखी विचारा. तोंडी ‘होऊन जाईल’वर जाऊ नका. आयकरात ठराविक आजारांच्या खर्चावर मिळणाऱ्या ८०डीडीबी सवलतीची आशा धरू नका, त्या आजारांत सोरायसिस नाही.

स्वस्त पर्याय म्हणून अडालिमुमॅब हे दुसऱ्या गटातलं इंजेक्शन तुमच्या वाचनात येईल. त्याची भारतीय आवृत्ती २०१४ पासून मिळते आणि निव्वळ आकडे पाहिले तर मीही तिकडेच बोट दाखवलं असतं. पण पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की आईला दोन वर्षांपूर्वी टीबी झाला होता. अडालिमुमॅबच्या गटातल्या औषधांनी शरीरात दबून बसलेला टीबी उठण्याचा धोका जास्त असतो. इथे माझा कॅल्क्युलेटर बंद. आतड्याचा जुना आजार असेल तर तेही आत्ताच सांगा, कारण सेक्युकिन्युमॅबने तो बळावू शकतो.

दुसऱ्या वर्षापासून महिन्याला सरासरी २१ हजार ७०० लागतील आणि तुमच्याकडे उरतात ११ हजार. क्लेम मंजूर झाला तर प्रश्नच नाही. नाही झाला तर गाडीचा ९,२०० चा हप्ता १४ महिन्यांनी सुटतोय, पण तेव्हाच बारावीचे क्लास डोक्यावर असतील, त्यामुळे त्या पैशावर आजच नाव घालू नका. सोळाव्या आठवड्याचे रिपोर्ट आणि क्लेमचं उत्तर घेऊन पुन्हा लिहा. क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर मात्र हे औषध घेऊ नका.

आणि केमिस्ट सवलत देतोय म्हणून तीन महिन्यांचा साठा आधी उचलू नका. हे औषध २ ते ८ अंशांत फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि टीबीची तपासणी पॉझिटिव्ह आली तर आधी त्याच्या गोळ्या, इंजेक्शन नंतर. आधी रिपोर्ट, मग बिल.